पासंगाचा समतोल

नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं की एक शब्द हमखास बाहेर निघतो: समतोल. प्रादेशिक समतोल, समतोल विकास, समतोल साधण्यासाठी अमुक हजार कोटी. विदर्भाचे आमदार तो मागतात, मराठवाड्याचे मागतात, मंत्री उत्तराच्या भाषणात तो कबूल करतात. जळगाव, धुळे, नंदुरबारचे, म्हणजे आपल्या खान्देशाचे आमदारही त्याच सभागृहात बसलेले असतात. पण या समतोलात आपण धरलेलो आहोत का, हे त्यांच्यापैकी फार थोडे विचारतात. माझं म्हणणं असं, की आपण धरलेलो नाही. कुणी विसरलं असतं तर आठवण करून देता आली असती. इथे अडचण वेगळी आहे. महाराष्ट्राचा समतोल ज्या काट्यावर मोजला जातो त्याची घडणच अशी आहे, की खान्देशाचं वजन त्यावर दिसत नाही.

आधी शब्द तपासून घेऊ, कारण पुढचा सगळा वाद त्यातच दडलेला आहे. तोल हा शब्द संस्कृतातल्या ‘तुल्’ या धातूवरून आला. तुल् म्हणजे वजन करणं, पण त्याचा मूळचा अर्थ उचलणं. हातानं उचलल्याशिवाय जडपणा कळत नाही, हा साधा अनुभव त्यामागे आहे. ग्रीक भाषेत तराजूला आणि तोलण्याच्या एका ठरावीक वजनाला ‘तालान्तोन’ म्हणत. तो शब्दही उचलण्या-पेलण्याच्या याच प्राचीन धातूचा वंशज. आपल्याकडे त्यातून तुला आली, तुलना आली, तुल्य आणि अतुल आले, बाजार समितीतली तोलाई आली आणि जळगावच्या सराफ बाजारात दिवसभर कानावर पडणारा तोळाही आला. (जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्याही थोडा वर होता. आता दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. वजन घटलं, नाव तेच राहिलं, आणि कुणाची तक्रार नाही.) म्हणजे समतोल म्हणायचं तर दोन गोष्टी आधी व्हायला हव्यात. ज्याला तोलायचं त्याला उचलून पारड्यात घालायला हवं, आणि समोरच्या पारड्यात कोणतं वजन ठेवलंय ते सांगायला हवं. समतोल विकासाच्या भाषणांत या दोन्हींचा पत्ता नसतो.

तराजू हा शब्द मात्र फारसीतून आला, आणि पासंगही तिथूनच आला. फारसीत ‘संग’ म्हणजे दगड. दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी एका बाजूला कलत असेल, तर वर राहिलेल्या पारड्याला दुकानदार खडा नाही तर खिळा बांधतो, म्हणजे दांडी सरळ होते. तो खडा म्हणजे पासंग. ‘अमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असं आपण म्हणतो ते यावरूनच: तराजूची खोट भरून काढण्याइतकंही ज्याचं वजन नाही, तो. आता यातली गंमत पाहा. दांडीची एक भुजा लांब आणि दुसरी आखूड असेल, तर पासंग बांधून रिकामा तराजू सरळ दिसतो खरा. पण माल ठेवला की खोट पुन्हा हजर होते, आणि माल जितका जास्त तितकी चूक मोठी. ती पकडायची एक जुनी युक्ती आहे. मालाचं आणि वजनाचं पारडं आपसात बदलून पाहायचं. दोन्ही वेळा काटा मधोमध राहिला तर तराजू खरा.

ही युक्ती महाराष्ट्राच्या तराजूवर चालवून पाहू. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९५३ साली नागपूर करार झाला. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि मराठवाडा निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्यात. मराठी राज्यात यायचं तर आमचं काय, असं त्यांच्या पुढाऱ्यांनी विचारलं. ते विचारणं रास्तच होतं. निधी, नोकऱ्या, शिक्षण यांत वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, अशी आश्वासनं त्यातून आली. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये त्यांना घटनेचं बळ मिळालं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळं नेमण्याची आणि विकासखर्चाचं समन्यायी वाटप करण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे देण्याची तरतूद त्यात आहे.

खान्देश या वाटाघाटीत कुठेच नव्हता. तो १८१८ पासून इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेही त्याच इलाख्यात. पाहुण्यांशी अटी ठरवताना घरातल्या माणसाला कुणी विचारत नाही, तसं झालं. करारात त्याला नाव नाही, घटनेत नाव नाही. त्याला मिळाला तो एक शब्द, ‘उर्वरित’. या उर्वरितात कोकण, नाशिक आणि पुणे हे तीन महसुली विभाग येतात. म्हणजे मुंबईला लागून असलेलं ठाणे, कारखान्यांचं पुणे, ऊस-दुधाचं कोल्हापूर आणि नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या डोंगरातलं धडगाव, सगळं एका पारड्यात. त्या पारड्याची सरासरी काढल्यावर काय येणार, ते सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

आता पारडं बदला. समजा, आजचा नंदुरबार जिल्हा १९५६ साली निजामाच्या मुलखातून आला असता. डोंगर तेच, माणसं तीच, फक्त जुना मालक वेगळा. तर त्याचं मागासलेपण करारात नोंदलं गेलं असतं, त्याच्या नावाचं मंडळ झालं असतं, दरवर्षी विधिमंडळात त्याचा अहवाल आला असता. म्हणजे आपला तराजू आजची गरज तोलत नाही, सत्तर वर्षांपूर्वीचा मालक तोलतो. पारडं बदललं की काटा हलतो, तो असा.

हे नुसतं कल्पनेवर सोडायची गरज नाही. १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ साली तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी अशा नऊ क्षेत्रांत राज्याच्या सरासरीच्या मागे कोण किती, हे समितीने मोजलं. एकूण अनुशेष निघाला ३,१८६.७८ कोटी रुपयांचा. या अहवालातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट ती रक्कम नाही. समितीने मोजणी जिल्हावार केली, ही आहे. त्यामुळे काय झालं? ज्या उर्वरित महाराष्ट्राला सगळे श्रीमंत समजतात, त्याच्या वाट्याला अनुशेषाचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा निघाला. विभाग हे एकक धरून सरासरी काढली असती, तर पुणे-ठाण्याच्या वजनाखाली यातलं बरंचसं दिसलंच नसतं. एकक लहान केलं आणि झाकलेलं वर आलं.

मात्र हा धडा अर्धवटच गिरवला गेला. मोजणी जिल्ह्यांची झाली, पण यंत्रणा उभी राहिली ती तीन विभागांची. १९९४ साली तीन वैधानिक विकास मंडळं स्थापन झाली, त्यातलं एक उर्वरित महाराष्ट्राचं. त्याच वर्षाच्या स्थितीवर पुढच्या समितीने १४,००६.७७ कोटींचा अनुशेष काढला. विदर्भाच्या मंडळामागे विदर्भाचा आवाज होता, मराठवाड्याच्या मंडळामागे मराठवाड्याचा. ‘उर्वरित’च्या मागे कोण उभं राहणार? उर्वरित नावाच्या प्रदेशाचा अभिमान बाळगणारा माणूस मला तरी आजवर भेटलेला नाही. ३० एप्रिल २०२० रोजी तिन्ही मंडळांची मुदत संपली, तेव्हा नागपूर आणि औरंगाबादेत आरडाओरडा झाला. आमच्याकडे अशी काही मंडळं होती, हेच पुष्कळांना तेव्हा कळलं.

सरासरी कशी झाकते, याचा याहून जवळचा दाखला खुद्द खान्देशात आहे. १ जुलै १९९८ पर्यंत नंदुरबार हा धुळे जिल्ह्याचाच भाग होता. तोवर अक्राणी महालाची (म्हणजे धडगाव तालुक्याची) आणि अक्कलकुव्याची स्थिती धुळ्याच्या आकड्यात मिसळलेली असे. शिरपूर-शिंदखेड्यातल्या शाळा, धुळे शहरातले दवाखाने आणि तोरणमाळच्या आसपासचे पाडे एकाच बेरजेत. जिल्हा वेगळा झाला आणि आकडे उघडे पडले. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३ टक्के, नंदुरबारची ६४.४, राज्यात सर्वांत कमी. लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात जिल्ह्याचा निर्देशांक ०.६०४, म्हणजे यादीत शेवटचा. पुढे केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत तो घातला. ३० जून १९९८ च्या रात्री सातपुड्यात काही नवं दारिद्र्य अवतरलं नव्हतं. ते होतंच. त्याला उचलून वेगळ्या पारड्यात घातलं, एवढाच फरक झाला.

तरीही ‘नंदुरबार मागास’ हे वाक्यसुद्धा अर्धंच खरं आहे. शहाद्याच्या काळ्या जमिनीत ऊस, पपई, केळी, कापूस पिकतो, साखर कारखाना आहे. तिथून घाट चढून धडगावला गेलं की दुसरंच जग. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की रस्ता बंद, आणि नर्मदेच्या काठावरच्या गावांना दवाखाना बोटीतून येणार. या दोन तालुक्यांची सरासरी काढली तर जो काल्पनिक तालुका तयार होतो, तिथे कुणीच राहत नाही. जळगाव जिल्ह्यातही तेच. रावेर-यावलच्या केळीपट्ट्याने परदेशात कंटेनर पाठवले आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच जिल्ह्यात बोदवड आणि पारोळा उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. खान्देशाच्या नावाने गळा काढताना आमचे पुढारी हे सांगत नाहीत. सांगतील कसे? खान्देशाचं मागासलेपण मोजायला धडगाव लागतं, आणि मिळालेला निधी तोलायला बसतात ते दुसऱ्याच तालुक्यांतले. ‘आमना वाटाले काय उनं?’ हा अहिराणी प्रश्न आम्ही मुंबईला मोठ्या आवाजात विचारतो. पावरा आणि भिल्ल माणसाने तोच प्रश्न शहाद्याला, तळोद्याला विचारला, तेव्हा काय झालं, ते १९७०च्या दशकातल्या शहादा चळवळीच्या इतिहासात वाचायला मिळतं. गहाण पडलेल्या जमिनी आणि सालदारांची मजुरी यांचा तो झगडा होता. आजही दसरा-दिवाळी झाली की या पट्ट्यातली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. झुकतं माप फक्त पुण्यालाच मिळतं असं समजायचं कारण नाही.

आता समोरच्या पारड्यातल्या वजनाविषयी. दांडेकर समितीने वजन धरलं राज्याच्या सरासरीचं. ते धरण्यामागे व्यवहार होता. सर्वांत पुढच्या जिल्ह्याचं माप लावलं असतं तर अनुशेषाचा आकडा सरकारला पेलवला नसता. पण पुढे या मोजणीत एक फाटा फुटला, आर्थिक अनुशेष आणि भौतिक अनुशेष. ठरलेली रक्कम खर्ची पडली की आर्थिक अनुशेष संपला. कालव्यातून पाणी शेतात गेलं का, ही झाली भौतिक अनुशेषाची बाब. हिशेबाच्या वहीत पहिला मिटवणं सोपं असतं.

तापीच्या काठावर याचा अर्थ फार नीट कळतो. तापी खोऱ्यात महाराष्ट्राच्या हक्काचं पाणी १९१ टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणून सांगितलं जातं. ते अडवायला सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज बांधले. बॅरेज भरतात, पाणी मैलोन् मैल साठतं, फोटो छान येतात. सिंचनक्षमता निर्माण झाल्याची नोंदही होते. पण ते पाणी उचलून शेतापर्यंत नेणाऱ्या काठावरच्या उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षं बंद राहिल्या. कुठे पंप नाहीत, कुठे वाहिन्या फुटलेल्या, कुठे विजेची थकबाकी. (तुल् म्हणजे उचलणं, हे इथे फारच शब्दशः लागू पडतं.) पावसाळ्यात दरवाजे उघडले की पाणी खाली गुजरातेतल्या उकाईच्या धरणाकडे जातं. अमळनेर तालुक्यातला पाडळसे इथला निम्न तापी प्रकल्प नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला आणि पाव शतक उलटलं तरी रेंगाळलेला राहिला. त्याच्यावर झालेला खर्च मात्र दरवर्षी कुठल्या ना कुठल्या बेरजेत खान्देशाच्या नावावर जमा होतोच. काटा जर खर्च दाखवत असेल आणि पाणी दाखवत नसेल, तर तो काटा कशाचा?

अशा वेळी पासंग येतो. निवडणूक जवळ आली, किंवा एखादं पीक झोपलं, की पॅकेज जाहीर होतं. एका प्रकल्पाला सुधारित प्रशासकीय मान्यता, एका घाटरस्त्याला निधी, एका महाविद्यालयाची घोषणा. दांडी सरळ दिसते. मी या रकमांना नावं ठेवत नाही; घाटरस्ता झाला तर हवाच आहे. माझा आक्षेप हा, की खडा बांधला की तराजूच्या भुजांची लांबी कुणी तपासत नाही. पुढचं अंदाजपत्रक त्याच तराजूवर तोललं जातं आणि तोलायचा माल दरवर्षी वाढतच असतो.

यावर विदर्भ-मराठवाड्यातले मित्र म्हणतील, तुमचं वजन वाढलं की आमचं कमी होणार. भीती समजण्यासारखी आहे, कारण तिथला सिंचनाचा अनुशेष खरा आहे आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्याही खऱ्या आहेत. पण तालुका तोलला तर मेळघाट आणि भामरागडही नागपूर शहरापासून सुटे होतात, आणि छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) औद्योगिक वसाहतींच्या आकड्यांखाली दबलेले मराठवाड्यातले तालुकेही. विभागाची सरासरी जशी आम्हाला झाकते तशीच त्यांनाही झाकते. या मागणीत नुकसान व्हायचंच असेल तर ते विभागाच्या नावावर निधी आणून आपल्याच तालुक्यात जिरवणाऱ्यांचं होईल. ते तिकडेही आहेत आणि इकडेही.

दुसरी सूचना आमच्याच माणसांची असते: खान्देशासाठी स्वतंत्र वैधानिक मंडळ. ऐकायला ती बरी वाटते. पण घटनेच्या अनुच्छेदात तीनच नावं लिहिलेली आहेत. चौथं घालायचं तर घटनादुरुस्ती हवी. आणि समजा झालीच, तर जळगावात एक कार्यालय, एक अध्यक्ष, एक गाडी येईल. ७९ लाखांच्या मुलखाची नवी सरासरी निघेल आणि तिच्याखाली अक्राणी पुन्हा दिसेनासा होईल. धुळ्याच्या पोटातून नंदुरबारला बाहेर काढताना जे शिकलो, ते विसरल्यासारखं होईल. मला चौथं पारडं नको आहे.

एकक लहान करणं सरकारला जमत नाही, असंही नाही. राज्याचा मानव विकास कार्यक्रम २०११ पासून २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत चालतो, आणि तालुके निवडताना स्त्री-साक्षरतेसारख्या कसोट्या लावल्या गेल्या. शाळेत मुलींना नेणाऱ्या निळ्या बसगाड्या याच कार्यक्रमातल्या. त्यात त्रुटी असतील, रक्कम तुटपुंजी असेल. पण तालुका उचलून तोलता येतो, हे त्याने दाखवून दिलं. २०११ साली समतोल प्रादेशिक विकासासाठी विजय केळकरांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय समिती नेमली गेली, २०१३ साली तिचा अहवाल आला. त्यावर चर्चा झाली, भांडणंही झाली, आणि अहवाल बाजूला पडला. म्हणून नवीन समिती नेमा असं मी म्हणणार नाही.

मागणी याहून साधी आहे. अंदाजपत्रकासोबत दरवर्षी विधिमंडळात एक तक्ता ठेवा. राज्यात ३५८ तालुके आहेत, म्हणून ओळी ३५८. प्रत्येक ओळीत चार-पाचच रकाने: गेल्या वर्षी प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र (निर्माण झालेली क्षमता नको), डॉक्टर हजर असलेली आरोग्यकेंद्रं, दहावीपर्यंत टिकलेल्या मुली, बारमाही रस्त्याने न जोडलेले पाडे आणि त्या तालुक्यात खर्च झालेला रुपया. जिल्हा नियोजन समित्यांनाही तोच तक्ता बंधनकारक करा, म्हणजे पालकमंत्र्यांच्या बैठकीत शहादा आणि अक्राणी शेजारी शेजारी वाचावे लागतील. यातली बहुतेक माहिती वेगवेगळ्या खात्यांकडे आजही जमा होते. ती एका कागदावर येत नाही इतकंच. खान्देशाच्या वाट्याला या तक्त्यात २५ ओळी येतात, जळगावच्या १५, धुळ्याच्या चार आणि नंदुरबारच्या सहा. आमच्या आमदारांनी समतोल हा शब्द पुढच्या वेळी उच्चारण्याआधी या २५ ओळी सभागृहाच्या पटलावर मागाव्यात, आणि त्यांपैकी काही ओळी वाचताना आपल्याच मतदारसंघाकडचा निधी दुसऱ्या तालुक्याकडे वळवावा लागेल, याची तयारी ठेवावी.